घोट्याएवढी हिरवी रेघ

शमशाद हे नाव आपल्याला माहीत आहे ते शमशाद बेगमच्या गाण्यांमुळे. फारसीत शमशाद म्हणजे बॉक्सचे झाड. इराणी कवींनी प्रेयसीच्या उंच, सडसडीत बांध्याला ह्या झाडाची उपमा दिली आणि उर्दू शायरीबरोबर ती आपल्या मुलखातही आली. गंमत अशी की, इराणने ज्याला उंचीसाठी नावाजले त्याच जातकुळीच्या झाडाला युरोपच्या राजेरजवाड्यांनी चारशे वर्षे घोट्याच्या वर वाढू दिले नाही.

बॉक्स कातरून शोभा आणण्याची हौस मुळात रोमनांची. धाकट्या प्लिनीने आपल्या टस्कनीतल्या वाड्याचे वर्णन एका पत्रात केले आहे. त्यात बॉक्सचे कातरलेले प्राणी आहेत आणि बॉक्सचीच अक्षरेही आहेत. कुठे मालकाचे नाव, तर कुठे माळ्याचे! मालकाच्या बागेत माळ्याचे नाव, एवढा दिलदारपणा मला पुढच्या एकाही राजाच्या बागेत सापडलेला नाही.

बुटक्या कुंपणाची खरी कथा सुरू होते ती फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीच्या पदरी असलेल्या क्लोद मोले ह्या माळ्यापासून. त्या काळी बाग महालाच्या खिडकीतून, वरून पाहायची असे. म्हणून जमिनीवर रांगोळीसारखी नक्षी काढायची आणि तिच्या रेघा झुडपांनी भरायच्या. मोले आधी त्यासाठी निरनिराळ्या सुगंधी वनस्पती लावी. उन्हाळ्यात त्या करपत, हिवाळ्यात गारठून मरत, आणि दर तीन वर्षांनी सगळी नक्षी नव्याने लावावी लागे. 1595 च्या सुमारास त्याने राजाच्या बागांत बॉक्स लावला. सरदारमंडळी नाके मुरडत, कारण बॉक्सच्या पानांना, विशेषतः उन्हात, मांजराच्या मुतासारखा वास येतो. पण खर्च वाचला, नक्षी टिकली, आणि वासाची तक्रार मागे पडली. हे सारे मोलेने लिहून ठेवले. त्याचे पुस्तक मात्र त्याच्या मृत्यूनंतर, 1652 साली छापले गेले.

ह्या कामाला पुढे जी जात सर्वांत सोयीची ठरली ती बुटकी. वर्षाला एक-दोन इंच वाढणारी, बारीक पानांची, आत बोटही जाऊ नये इतकी दाट. बी पेरण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. जुनी रांग उपटायची, मुळांसकट फाटे सुटे करायचे आणि चरात एकमेकांना चिकटवून खोल बसवायचे. एका रांगेतून अनेक रांगा होत. इंग्लंडच्या जॉन पार्किन्सनने 1629 साली वाफ्यांच्या कडेला हाच बॉक्स उत्तम म्हणून सांगितला, पण एक खोडही सांगून ठेवली: ह्याची मुळे शेजारच्या फुलांचा घास पळवतात. उपाय म्हणून कडेने धारदार फावडे खोल घालून मुळे छाटत राहायची. कातरणीचाही रिवाज ठरला. इंग्रज माळी जूनच्या आरंभी, डर्बीच्या शर्यतीच्या सुमारास कातरी हाती घेत. दिवस ढगाळ हवा. कडक उन्हात कापलेली पाने करपतात.

राजांच्या दृष्टीने हे झुडूप म्हणजे सत्तेची रेघ होती. 1661 साली फूकेने व्हो-ल-व्हिकोंतच्या बागेत, आंद्रे ल नोत्रने आखलेल्या नक्षीत, चौदाव्या लुईला मेजवानी दिली. तीन आठवड्यांत फूके कैदेत पडला, आणि ल नोत्र व्हर्सायच्या बागा आखायला राजाकडे गेला. इंग्लंडची राणी ॲन गादीवर आली तेव्हा वास सोसवेना म्हणून तिने हॅम्प्टन कोर्टमधला बॉक्स उपटून टाकायला लावला. थोड्याच वर्षांत, 1713 साली, अलेक्झांडर पोपने कातरलेल्या झाडांची मनसोक्त टिंगल केली आणि तिथली चव बदलली.

सामान्य माणसाने मात्र ह्या झाडाला सोडले नाही. फ्रान्सच्या बहुतेक भागांत ताड-माड कुठले? तिथे पाम संडेला लोक बॉक्सच्या डहाळ्या चर्चमध्ये नेतात आणि आशीर्वाद घेऊन घरी लावतात. गोव्यात त्या दिवशी माडाची पाती हातात असते.

मग 1994 साली इंग्लंडमध्ये एक बुरशी आढळली. पाने काळवंडायची, झडायची, नुसत्या काटक्या उरायच्या. ती ओल्या पानांवर पोसते, आणि आतून सर्वांत उशिरा वाळतो तो हाच दाट, बुटका बॉक्स. ज्या गुणासाठी त्याची निवड झाली तोच गुण त्याच्या मुळावर आला. शिवाय फाट्यांवरच वाढवलेली ही झुडपे एकाच रक्ताची. एक आजारी पडले की दुसऱ्याजवळ वेगळी ताकद कुठून असणार? 2007 साली पूर्व आशियातला एक पतंग जर्मनीत पोहोचला आणि त्याच्या अळ्यांनी उरलीसुरली पाने फस्त करायला सुरुवात केली.

व्हो-ल-व्हिकोंतची नक्षी मधल्या काळात नाहीशी झाली होती. आशिल द्युशेनने ती 1923 मध्ये पुन्हा बॉक्समध्ये उभी केली. 2019 साली रोग आणि अळी ह्यांपुढे हात टेकून तीही उपटावी लागली. त्या जागी पात्रिक उर्काद ह्या कलावंताने नक्षीच्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जमिनीवर मांडल्या. त्यांना पाणी लागत नाही, वासही येत नाही. दरम्यान बेल्जियममध्ये संकर करून बुरशीला सहजी दाद न देणाऱ्या नव्या जाती तयार झाल्या आहेत. त्यांची रोपे आता बागांतून लागू लागली आहेत, चारशे वर्षांपूर्वीसारखीच, चरात एकाशेजारी एक.