उन्हाळ्याची सुटी आणि पुस्तकापर्यंतचे अंतर

पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. उन्हाळ्याच्या दिवसांत मोठ्या माणसांच्या बुद्धीला काही खाद्य मिळावे, ही त्यामागची दृष्टी होती. पण त्याच दिवसांत घरातल्या मुलांचे काय? परीक्षा आटोपलेल्या, शाळेला कुलूप लागलेले आणि बाहेर ऊन. 'उन्हात हिंडू नका' एवढे सांगून आपण वडीलधारी माणसे मोकळी होतो. मुलांच्या ह्या रिकाम्या दिवसांचा विचार प्रथम कोणी केला, ह्याचा शोध घेऊ लागलो म्हणजे आपणांस अमेरिकेतील काही सार्वजनिक ग्रंथालयांपाशी जावे लागते. त्या हकिकतीचा शेवटचा धागा आपल्याकडेही येऊन पोहोचतो, म्हणून ती आज सांगावयाची आहे.

आरंभी एक गैरसमज दूर करू. मुलांनी शेतीच्या कामात हातभार लावावा म्हणून अमेरिकेत उन्हाळ्याची लांब सुटी पडली, असे पुष्कळ लोक सांगतात. ते खरे नाही. खेड्यांतल्या शाळा हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात चालत. मुले मोकळी हवी असत ती वसंतातल्या पेरणीला आणि शरदातल्या कापणीला. शहरांत तर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शाळा जवळजवळ वर्षभर भरत. पुढे दाटीच्या वस्तीत उकाडा असह्य होऊ लागला, सधन कुटुंबे थंड जागी जाऊ लागली, आणि सतत अभ्यासाने मुलांच्या मेंदूवर ताण पडतो असे मत बळावले. त्यामुळे शतकाच्या अखेरीस शहरी शाळांना लांब उन्हाळी सुटी मिळाली. थंड हवेच्या जागी जाणाऱ्यांची सोय झाली. कारखान्यात राबणाऱ्यांची मुले मात्र रस्त्यावर आली.

मग ही मुले ग्रंथालयात का गेली नाहीत? कारण त्यांना तेथे प्रवेशच नव्हता. त्या काळी अनेक ग्रंथालये बारा किंवा चौदा वर्षांखालील मुलांस पुस्तके देत नसत. मुले पुस्तके फाडतात, गडबड करतात, वाचावयाचे ते वाचत नाहीत, अशी ठराविक कारणे दिली जात. (ही कारणे आपणांस ओळखीची वाटली तर नवल नाही.) ऱ्होड आयलंड संस्थानातील पॉटकेट गावच्या ग्रंथपाल मिनर्व्हा सँडर्स ह्या बाईंनी १८७० नंतरच्या दशकात हा नियम मोडला. त्यांनी मुलांना आत घेतले आणि त्यांचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून खुर्च्या-टेबलांचे पाय कापून आखूड केले. बालग्रंथालयाच्या इतिहासात मोठमोठ्या समित्यांचे अहवाल आहेत. माझ्या मते ह्या एका करवतीचे काम त्यांच्यापेक्षा कमी मोलाचे नाही.

जवळच कनेटिकट संस्थानात हार्टफर्ड येथे कॅरोलिन ह्यूइन्स ह्या ग्रंथपाल होत्या. त्या तेथे आल्या १८७५ साली. आल्यावर त्यांनी पहिले काम केले ते मुले काय वाचतात हे पाहण्याचे. धाडसाच्या, साच्यातून काढल्यासारख्या सवंग गोष्टींवर मुले तुटून पडत होती. एका मुलाने सहा महिन्यांत १०२ गोष्टींची पुस्तके नेली आणि एका मुलीने तेवढ्याच काळात ११२ कादंबऱ्या, अशी नोंद त्यांनी केली आहे. ती कौतुकाची नोंद नव्हती. इतकी पुस्तके म्हणजे वाचन नव्हे, नुसते गिळणे, अशी काळजी तिच्यात होती. हे आकडे ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे. ह्यूइन्सबाईंनी १८८२ साली मुलांसाठी चांगल्या पुस्तकांची सूची छापली. पुढे त्या उन्हाळ्याच्या सुटीत आठवड्यातून एकदा मुलांना भोवती बसवून पुस्तकांविषयी गप्पा मारू लागल्या. सुटीतील वाचनवर्गाचे हे अगदी साधे, घरगुती रूप होय.

त्याला चळवळीचे रूप आले ते ओहायो संस्थानातील क्लीव्हलंड शहरी. तेथील ग्रंथपाल विल्यम हॉवर्ड ब्रेट ह्यांनी १८९० साली एक धाडस केले. वाचकाने खिडकीशी उभे राहून मागावयाचे आणि नोकराने आतून आणून द्यावयाचे, ही रीत त्यांनी बंद केली व फडताळे वाचकांना मोकळी केली. मोठ्या शहरातील ग्रंथालयाने असे करावे हे तेव्हा नवीनच होते. १८९६ साली लिंडा ईस्टमन त्यांच्या हाताखाली उपग्रंथपाल झाल्या, आणि १८९७ साली तेथे मुलांचा 'ग्रंथालय संघ' निघाला. मूळ हेतू अगदी व्यवहारी होता: पुस्तके मळतात, फाटतात, ती मुलांनीच जपावीत. मन, हात आणि पुस्तक ही तिन्ही स्वच्छ ठेवावीत, हे संघाचे ब्रीद होते. मुलाने नाव नोंदवून वचन द्यावयाचे आणि आपल्या सोबत्यांना घेऊन यावयाचे. हजारो मुले सभासद झाली. शाळा सुटण्यापूर्वी चांगल्या पुस्तकांच्या याद्या शाळांतून वाटल्या जाऊ लागल्या, म्हणजे सुटी लागताना मुलाच्या खिशात दोन-चार नावे असावीत. ज्या मुलांना पुस्तकांचे शत्रू समजून बाहेर ठेवले होते, त्यांच्याच हाती राखण दिली गेली, हा ह्यातला खरा पालट.

तरीही दारापर्यंत न येणारी मुले उरलीच. त्यांच्यासाठी बॉस्टनमध्ये चार्ल्स बर्टवेल ह्या समाजसेवकाने १८८७ मध्ये एक उपाय काढला होता. गरीब वस्तीतल्या एखाद्या मुलाच्या घरीच लहानसे पुस्तकांचे कपाट ठेवावयाचे. शेजारची दहाएक मुले आठवड्यातून एकदा तेथे जमत आणि एक स्वयंसेवक त्यांच्यात बसून पुस्तके बदलून देई. पोलादाच्या कारखान्यांचे शहर जे पिट्सबर्ग, तेथील कार्नेगी ग्रंथालयात फ्रान्सिस जेन्किन्स ऑलकॉट ह्यांनी मुलांच्या विभागाची सूत्रे १८९८ साली हाती घेतली, आणि ह्या घरगुती ग्रंथालयांची पद्धत उचलली. शिवाय उन्हाळ्यात मुले खेळाच्या मैदानांवर जमतात, तर पुस्तकेही तेथेच नेली. झोपाळ्याला रांग लागलेली असते तेव्हा वाट पाहणारे मूल पुस्तक उघडते, हे ज्याला सुचले त्याला मुले कळत होती.

ह्यानंतरची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात कल्पकता आहे पण नवा विचार थोडा आहे. १९२० नंतर अमेरिकेतील गावोगावच्या ग्रंथालयांत सुटीची वाचनमंडळे निघाली. भिंतीवर शिडीचे किंवा नकाशाचे चित्र लावावयाचे. एक पुस्तक वाचले की मुलाच्या नावाची खूण एक पायरी वर चढे. ठरलेली संख्या पुरी झाली की प्रशस्तिपत्र मिळे. मुले धावून आली ह्यात शंका नाही. पण चढाओढीपायी पातळ पुस्तके शोधली जाऊ लागली, आणि संख्या मोठी की गोडी मोठी, असा वाद ग्रंथपालांतच उभा राहिला. ह्यूइन्सबाईंना ज्या आकड्याची धास्ती वाटली होती, तोच आकडा आता बक्षिसाला पात्र ठरला होता!

हा वाद कोणी एकाने मिटवला असे नाही. मात्र त्यावर प्रकाश टाकणारा एक अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. बार्बरा हाइन्स ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातील सहावी-सातवीच्या मुलांची पाहणी केली. सुटीत श्रीमंत आणि गरीब मुलांतले अंतर वाढते, असे त्यांना दिसले. त्याचबरोबर, जी मुले सुटीत वाचतात त्यांची प्रगती होते, आणि सुटीतल्या ह्या वाढीला सार्वजनिक ग्रंथालयाइतका हातभार दुसरी कोणतीही सार्वजनिक संस्था लावत नाही, असेही दिसले. सुटीत शिकलेले किती गळते, ह्याविषयी पुढच्या संशोधकांनी शंका घेतल्या आहेत आणि त्या विचारात घेण्यासारख्या आहेत. पण ह्या अभ्यासातली दुसरी एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. मूल सुटीत किती वाचते हे ज्या गोष्टींवर अवलंबून होते, त्यांत घरापासून ग्रंथालयापर्यंतचे अंतर ही एक होती. आखूड केलेली खुर्ची, मोकळे फडताळ, मैदानावर नेलेली पुस्तके ह्या सगळ्यांनी दुसरे काय केले होते? हे अंतरच कमी केले होते. शिडीवरच्या खुणांना श्रेय देताना हे विसरले जाते. ब्रिटनमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या उन्हाळी वाचनाच्या उपक्रमात मूळ अट सहाच पुस्तकांची होती आणि कोणती वाचावीत हे मुलानेच ठरवावयाचे होते. मोजणी ठेवावयाचीच तर ती अशी आटोपशीर असावी.

आता आपल्याकडचा धागा. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून भारावलेल्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. ते ह्यूइन्सबाईंच्याच कनेटिकट संस्थानातील न्यू हेवनचे. त्यांनी तीन वर्षांत संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. खेड्यांकडे पुस्तकांच्या पेट्या जाऊ लागल्या. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी निराळी खोली झाली आणि तीत पुस्तकांबरोबर खेळही ठेवले गेले. १९१२ साली निघालेल्या 'लायब्ररी मिसेलनी' ह्या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. पुढे ह्या खात्याची धुरा वाहणारे जनार्दन सखाराम कुडाळकर ह्यांनी ह्या चळवळीवर १९१९ साली पुस्तकच लिहिले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे आणि मुंबईचे १८९८चे, म्हणजे पिट्सबर्गच्या बालविभागाच्या वयाचे. तेव्हा आपण फार मागाहून आलो असे म्हणता येणार नाही. पण आपल्या बहुतेक नगरवाचनालयांत कपाटाला कुलूप आणि यादीतला क्रमांक ही रीत फार काळ टिकली.

मी स्वतः तशाच एका वाचनालयात वाढलो. यादीतून पाच क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावयाचे. कारकून आत जाऊन येई आणि बहुधा 'नाही' एवढेच म्हणे. मग एका मे महिन्यात तेथे नवे ग्रंथपाल आले. त्यांनी बालविभागाची दोन कपाटे ओढून व्हरांड्यात मांडली, कुलपे काढली आणि खाली एक सतरंजी अंथरली. त्या सुटीत मी किती पुस्तके वाचली हे सांगता येणार नाही, कारण ती कोणी मोजलीच नाहीत. महिनाअखेर तीन पुस्तके कमी भरली, आणि त्यावरून कार्यकारी मंडळात बरीच खडाजंगी झाली म्हणतात. त्यांतले एक माझ्या उशाखाली होते. शाळा सुरू झाल्यावर ते मी गुपचूप परत नेऊन कपाटात ठेवले.