'ओरिजिनल दिसते' म्हणजे 'ओरिजिनल आहे' का?

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये १९६७ पर्यंत बॅटरी चार्ज करायला डायनमो असे, पुढे अल्टरनेटर आला. आज १९६५ची एमजीबी बघायला मिळाली, बॉनेट उघडलं, तर डायनमो जागच्या जागी दिसेल. पण कधी कधी ते नुसतं कवच असतं, आत अल्टरनेटर! डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखालीही पॉइंट्सऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन दडलेलं असू शकतं.

यात फसवणूकच असते असं नाही. इंजिन हळू फिरत असताना डायनमो पुरेशी वीज देत नाही; आजच्या ट्रॅफिकमध्ये नेमकं तेच नडतं.

जुन्या वाहनांच्या 'फिवा' या जागतिक संघटनेने २०१२ मध्ये ट्युरिन सनद मंजूर केली. तिच्या मते असे बदल नजरेत न भरणारे असावेत, शक्यतो परत काढता यावेत. मूळ भाग जपावेत आणि कामाची नोंद ठेवावी.

आपल्या दृष्टीने शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. मालक बदलला आणि नोंद नसली, की अलीकडच्या सुट्या भागावरून आपण १९६५च्या तंत्रज्ञानाबद्दल निष्कर्ष काढून मोकळे! म्हणून कुठलीही जुनी वस्तू पुरावा म्हणून वापरण्याआधी तिच्या दुरुस्तीचा इतिहास विचारा.