तंज आणि तमस्खुर : ज्यूल्स व्हाइट यांचे दोन लघुपट

उर्दूत हसण्या-हसवण्याशी जोडलेले दोन शब्द आहेत. तंज म्हणजे बोचरा उपरोध आणि तमस्खुर म्हणजे टवाळी. या दोहोंतला फरक समजून घ्यायचा असेल तर हॉलिवूडच्या एकाच दिग्दर्शकाचे दोन लघुपट पुरेसे आहेत.

या दिग्दर्शकाचे नाव ज्यूल्स व्हाइट. १९०० साली बुडापेस्टमध्ये एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ आडनाव वाइस. लहानपणीच ते अमेरिकेत आले आणि १९३३ पासून कोलंबिया पिक्चर्सचा लघुपट विभाग सांभाळू लागले. त्या काळी चित्रपटगृहात मुख्य चित्रपटासोबत पंधरा-वीस मिनिटांचे विनोदी लघुपट दाखवत. व्हाइट यांनी असे शेकडो लघुपट तयार केले. त्यांतले 'थ्री स्टूजेस'चे सर्वाधिक गाजले. मो, लॅरी आणि कर्ली हे तीन बावळट एकमेकांना थोबाडीत मारणार, नाक पिरगाळणार, डोळ्यांत बोटे घालणार. समीक्षकांच्या लेखी हा थिल्लरपणा होता.

पण जानेवारी १९४० मध्ये व्हाइट यांनी 'यू नॅझ्टी स्पाय!' पडद्यावर आणला. मोरोनिका नावाच्या देशात शस्त्रांचे कारखानदार राजाला हटवतात, कारण शांततेत त्यांचा धंदा बसतो. मग त्यांना आपल्या तालावर नाचेल असा मूर्ख हुकूमशहा हवा असतो. त्यासाठी ते घरात भिंतीला कागद चिकटवायला आलेल्या मोची निवड करतात. ओठावर छोटी मिशी चिकटते आणि हिटलर उभा राहतो.

तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती. परदेशी राष्ट्रे आणि त्यांचे नेते यांचे चित्रण न्याय्य असावे, असे हॉलिवूडच्या आचारसंहितेत कलमच होते. मोठे स्टुडिओ जपून पावले टाकत होते. चॅप्लिन यांचा 'द ग्रेट डिक्टेटर' ऑक्टोबर १९४० मध्ये आला, म्हणजे या लघुपटानंतर जवळपास नऊ महिन्यांनी. दिग्दर्शक ज्यू, तिन्ही नटही ज्यू. ज्यांना संपवायला हिटलर निघाला होता, त्यांच्यातलेच चौघे त्याला हसत होते. हा तंज होता.

आता दुसरा लघुपट पाहू. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक आदेश काढला आणि त्याच्या आधारे सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उठवून छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. ना आरोपपत्र, ना खटला. चेहरा शत्रूसारखा, एवढाच गुन्हा.

१९४४ मध्ये व्हाइट यांनी 'द योक्स ऑन मी' काढला. त्यात अशाच छावणीतून पळालेले जपानी स्टूजेसच्या शेतात लपतात. त्यांना कपटी, भेसूर दाखवले आहे आणि शेवटी शहामृगाचे स्फोटक अंडे फुटून ते मरतात. त्यावर प्रेक्षकांनी हसावे, अशी अपेक्षा. पुढे टीव्हीवर हा लघुपट दाखवणे बराच काळ टाळले गेले.

दिग्दर्शक तोच, हसवण्याची हातोटीही तीच. चार वर्षांत बदलले ते फक्त निशाण्यावरचे माणूस. पहिल्या लघुपटात सत्तेवर बसलेला होता, दुसऱ्यात काटेरी तारेआड कोंडलेला. ज्याच्या स्वतःच्या समाजाने वंशद्वेष भोगला, त्यालाही दुसऱ्याच्या वाट्याचा वंशद्वेष दिसला नाही. युद्धज्वरात बहुसंख्य अमेरिकेला तरी तो कुठे दिसला होता?

१९८८ मध्ये अमेरिकेने कायदा करून या नजरकैदेबद्दल माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. व्हाइट १९८५ मध्येच वारले होते.

इतिहास आपल्याला एवढेच सांगतो की, स्वतः सोसल्याने माणूस आपोआप न्यायी होत नाही. त्यासाठी जाणीवपूर्वक पाहावे लागते. म्हणून वाचकहो, कोणत्याही विनोदावर हसण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा : ज्याच्यावर आपण हसतो आहोत, त्याला उत्तर द्यायची मुभा आहे का?