खणखणीत की बद्द? आवाजावरून दोष ओळखण्याची गोष्ट

चोख माणसाला किंवा चोख व्यवहाराला आपण ‘खणखणीत नाणे’ म्हणतो. हा शब्दप्रयोग सराफाच्या दुकानातून आला आहे. चांदीचा रुपया दगडावर टाकला की खरा असेल तर खणकन वाजे, खोटा असेल तर बद्द. बाजारात माठ घेताना आपण आजही बोटाने टिचकी मारून पाहतो. तडा गेलेला माठ डोळ्यांना चांगला दिसला तरी कानाला फसवू शकत नाही. न उघडता, न फोडता आतली गोष्ट जाणून घेण्याची ही रीत फार जुनी आहे. तिचे शास्त्र कसे झाले हे पाहायचे असेल, तर चालत्या मोटारीत अचानक येऊ लागलेला अनोळखी आवाज हे उत्तम उदाहरण आहे.

टिचकी मारून रोग शोधण्याची कल्पना लिओपोल्ड आउएनब्रुगर या वैद्याने 1761 साली व्हिएन्नात पुस्तकरूपाने मांडली. त्याचे वडील खानावळ चालवत. पिंपात दारू किती उरली हे ते पिंप ठोकून ओळखत, आणि त्यावरूनच मुलाला छाती ठोकून पाहण्याचे सुचले, असे सांगितले जाते. छातीत पाणी साचले असेल तर तिथला आवाज बद्द येतो. या पुस्तकाकडे सुरुवातीला फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1808 मध्ये कोर्व्हिसारने त्याचे फ्रेंच भाषांतर केले तेव्हा कुठे ही पद्धत रुळली.

1816 मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लाएनेकने कागदाची सुरळी करून ती रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण तिचा महत्त्वाचा भाग बहुधा सांगायचा राहतो. लाएनेक रुग्ण जिवंत असताना ऐकलेला आवाज टिपून ठेवी आणि रुग्ण दगावल्यास शवविच्छेदनात काय सापडले ते त्या टिपणाशी ताडून पाही. अमुक आवाज म्हणजे फुफ्फुसात अमुक बिघाड, हे कोष्टक त्याने असे तयार केले. 1819 मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. निव्वळ तीक्ष्ण कानांनी निदान होत नाही. ऐकलेला आवाज आणि उघडल्यावर दिसलेला दोष यांची सांगड घालावी लागते. गॅरेजमधला जुना मिस्त्री आवाज ऐकताच ‘बेअरिंग गेले’ म्हणतो, तेव्हा त्याच्यामागे त्याने स्वतः उघडून पाहिलेली शेकडो बेअरिंगे उभी असतात.

यंत्राच्या बाबतीत हे निदान जीवनमरणाचा प्रश्न झाले ते रेल्वेमुळे. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाची आस तुटली. मागचे डबे एकमेकांवर चढले आणि आग लागली. डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद असल्याने पन्नासांहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. सततच्या हादऱ्यांनी लोखंडाचा पोत बदलतो आणि ते ठिसूळ होते, अशी तेव्हा समजूत होती. स्कॉटलंडच्या रँकिनने 1843 मध्ये तुटलेल्या आसांचा अभ्यास मांडला आणि आस एकाएकी तुटत नाही, तिची जाडी जिथे बदलते तिथून भेग हळूहळू आत सरकत जाते, असे दाखवून दिले. म्हणजे दोष तुटण्याच्या कितीतरी आधी आत तयार होत असतो. तो आधी कळला तर माणसे वाचतात.

यातूनच स्थानकांवर लांब दांड्याची हातोडी घेऊन चाके ठोकत जाणारा कामगार दिसू लागला. धड चाक घंटेसारखे वाजते. तडा असेल तर कंपने तिथे अडतात, आवाज बद्द येतो आणि लवकर विरतो. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली आणि 1867 मध्ये वर्ध्यावरून रेल्वे नागपूरला पोचली. स्थानकात शिरणाऱ्या गाडीकडे रुळाशेजारी बसून पाहणारे, तिच्या चाकांचा आवाज ऐकणारे कर्मचारी आपल्या रेल्वेत पुढेही राहिले. तापलेली आस किंवा चपटे झालेले चाक त्यांच्या कानाला आधी कळते.

या सगळ्यात अजून एक गोष्ट कमी होती, ती म्हणजे मोजणी. तिचा पाया घातला शल्यवैद्यकाकडून भौतिकीकडे वळलेल्या फेलिक्स सावार या फ्रेंच संशोधकाने. 1830 च्या सुमारास त्याने दातेरी चाक फिरवून त्याला पुठ्ठा टेकवला. चाक जोरात फिरले की टकटक एकमेकांत मिसळून सूर ऐकू येई. सेकंदाला होणारे फेरे गुणिले दात, इतकी त्या सुराची वारंवारता. रॉबर्ट हूकने 1681 मध्ये असाच प्रयोग करून दाखवला होता, पण सावारने तो मापनाचे साधन म्हणून वापरला. मुले सायकलच्या चाकाला जुने पोस्टकार्ड लावून ‘मोटरसायकल’ चालवतात, तोच हा प्रयोग! चाकाला 40 स्पोक असतील आणि चाक सेकंदाला 2 फेरे घेत असेल, तर कार्डावर सेकंदाला 80 ठोके बसतात. वर्गात जरूर करून पाहा.

आता ही शिदोरी घेऊन आपण एका जीपमध्ये बसू. वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातले हिंगणी हे गाव बोर अभयारण्याच्या वाटेवर आहे. समजा, आपण हिंगणीहून बोर धरणाकडे निघालो आहोत आणि ताशी 40 किलोमीटर वेगाला खालून टक्‌-टक्‌ ऐकू येऊ लागले. पुढे जंगल आहे. जावे की परतावे?

आवाज कुठून येतो याबद्दल गाडीतल्या चौघांची चार मते होतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आवाज एका कानापेक्षा दुसऱ्या कानाला किंचित उशिरा पोचतो, आणि दिशा ओळखायला मेंदू याचाही उपयोग करतो. हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांश इतका असतो. गाडीत मात्र आवाज पोलादी सांगाड्यातून सेकंदाला सुमारे 5 किलोमीटर वेगाने पसरतो, सगळा पत्राच वाजू लागतो आणि काचांवरून प्रतिध्वनी येतात. म्हणून ‘कुठून’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून ‘कशाबरोबर बदलतो’ हा प्रश्न विचारायचा.

प्रथम मोजू. जीपच्या चाकाचा व्यास 70 सेंटिमीटर धरला तर परीघ 2.2 मीटर होतो. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला 5 फेरे. इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 25. टकटक सेकंदाला पाच असेल आणि वेग निम्मा केल्यावर अडीच होत असेल, तर गुन्हेगार चाकाबरोबर फिरतो आहे. टायरच्या खाचेत रुतलेला खडाही असेल, पण सैल झालेला नटही असू शकतो. तेव्हा थांबून पाहायलाच हवे.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गाडी उभी करून इंजिनाचा वेग वाढवला आणि आवाज आला, तर संशय इंजिनावर. सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्षणभर क्लच दाबल्यावर आवाज तसाच राहिला, तर इंजिन सुटले. (उतारावर हा प्रयोग करू नये.) उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो; तेव्हा घरघर वाढली तर डाव्या बाजूचे बेअरिंग पाहावे. ब्रेकवर पाय ठेवताच आवाज बदलला तर ब्रेक, आणि फक्त खड्ड्यात आला तर पाटे, बुश किंवा शॉक ॲब्सॉर्बर. बेअरिंगची आणखी एक खूण आहे. त्याच्या बाहेरच्या कड्याला खड्डा पडला तर दर फेऱ्याला बसणारे ठोके छऱ्यांच्या संख्येच्या सुमारे 0.4 पट असतात. छरे 9 असतील तर 3.6. असा अपूर्णांक आला की टायरवरचा संशय फिटतो, कारण खडा दर फेऱ्याला एकदाच वाजणार.

हे ठोके एकमेकांत मिसळलेले असतील तर कान हरतो. गुंतागुंतीचे कंपन साध्या कंपनांत विलग करता येते हे फूरियेने 1822 च्या ग्रंथात मांडलेल्या गणितामुळे कळले. 1965 मध्ये कूली आणि टूकी यांनी ती आकडेमोड झटपट करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि आता ती खिशातल्या मोबाइललाही जमते. पुण्यात 1966 मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत गाड्यांच्या आवाजाची आणि कंपनांची अशी तपासणी होते. तरीही पडद्यावर दिसणारा उंचवटा कशाचा, हे ठरवायला दात, छरे आणि फेरे मोजावेच लागतात.

एक इशारा मात्र द्यायला हवा. आवाज थांबला म्हणजे दोष गेला असे नाही, आणि रेडिओ मोठा केला म्हणून तर नाहीच. झिजलेले बेअरिंग शेवटी अडकते आणि चाक निखळूही शकते. म्हणून निदान होईपर्यंत हिंगणीच्या पुढे न गेलेले बरे.

आपल्या वर्गात असा एखादा मुलगा असतो, जो प्रयोगवहीत मागे आणि गॅरेजमध्ये पुढे असतो. तुलना करणे, ताडून पाहणे, मोजणे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलणे, हे सारे तो तिथे नकळत करत असतो. त्यालाच वैज्ञानिक पद्धत म्हणतात, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. ते आपणच सांगू शकतो.