झोपडीतला काळोख

छायाचित्रण ही प्रकाशाची कला खरी. पण तिचा कस लागतो काळोखात. १९२५ साली बाबूराव पेंटरांनी नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. जमीन गमावून गिरणीत मजूर झालेल्या शेतकऱ्याची ही कथा. संवादांची सोय नव्हती. दैन्य डोळ्यांनाच दिसायला हवे होते. भर उन्हात झोपडी नुसती झोपडी दिसते. ‘सिंहगड’ (१९२३) काढताना कृत्रिम दिवे हाताळलेल्या पेंटरांनी याच कथेच्या बोलपट आवृत्तीत उजेड आखडता घेतला. अंधारी झोपडी आणि रडणारे कुत्रे! अशुभाची चाहूल लागावी असे ते दृश्य जे. बी. एच. वाडियांच्या कायमचे स्मरणात राहिले.

आम्हा भिवंडीकरांना ही कथा परकी नाही. गाव सोडून आलेली कितीतरी माणसे येथे यंत्रमागांवर राबतात. चहूकडून लख्ख उजेड पाडून त्यांचे छायाचित्र घेतले, की माग तेवढे दिसतात. दिवा एकाच बाजूस ठेवावा, सावल्या तशाच राहू द्याव्यात, भिंगाचे छिद्र मोठे करावे. मग मागांची रांग धूसर होते आणि एक थकलेला चेहरा स्पष्ट उरतो. त्या चेहऱ्यामागचे सुटलेले शेत मला तेव्हा दिसू लागते.