खाडीकाठच्या गाण्याची वाटचाल

चित्रपटाच्या आणि बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आधाराशिवाय जे मराठी संगीत तयार होत आले, त्यात आगरी-कोळी गाण्याचा वाटा मोठा आहे. नवी मुंबईच्या नेरूळ भागातले सारसोळे हे या गाण्याच्या पट्ट्यातले एक जुने गाव. पश्चिमेकडे खाडी, खारफुटी आणि मासेमारीची जेट्टी. गाव आणि जेट्टी यांच्यामधून आता पाम बीच मार्ग जातो. वेसाव्यापासून ठाणे-भिवंडीपर्यंत आणि बेलापूर पट्टीतून उरण-अलिबागपर्यंत पसरलेल्या आगरी-कोळी वस्तीत बोली, दैवते, लग्नविधी आणि गाणी बऱ्याच अंशी सामाईक आहेत. त्यामुळे एकट्या सारसोळ्याचे गाणे वेगळे काढता येत नाही. या सगळ्या पट्ट्याला लागू पडणारी एक गोष्ट मात्र ठामपणे सांगता येते. इथे नवे गाणे केव्हा यावे हे कंपनीने ठरवले नाही, ते प्रसंगाने ठरवले. हळद, नारळी पौर्णिमा, एकवीरेची यात्रा, शिमगा आणि गणपती हेच या गाण्यांचे खरे प्रकाशक. तबकडी, कॅसेट, सीडी आणि यूट्यूब ही माध्यमे एकामागून एक आली. प्रसंगाचे पंचांग तेच राहिले.

धवले आणि धवलारीण

या परंपरेचा सर्वांत जुना थर बायकांच्या गळ्यात आहे. आगरी लग्नात विधींच्या वेळी जी गाणी म्हटली जातात त्यांना धवले म्हणतात आणि ती म्हणणारी जाणती बाई म्हणजे धवलारीण. जुन्या रिवाजात अनेक गावी लग्न लावण्याचे कामच तिच्याकडे असे. मांडव उभारणे, हळद दळणे, नवऱ्याला हळद लावणे, अंघोळ, पाठवणी अशा प्रत्येक विधीचा धवला वेगळा. धवलारीण एक ओळ उचलते, भोवतीच्या बाया ती झेलतात, आणि विधी उरकेपर्यंत गाणे लांबवले जाते. साथीला वाद्य नसते. ताल धरायला सुरांची लांबी आणि हातातले काम पुरते. देवांना, पूर्वजांना, गावदेवीला आणि एकवीरेला लग्नाचे आमंत्रण देणारे धवले ऐकताना त्या घराण्याचा आणि गावाचा सगळा गोतावळा समोर उभा राहतो.

लग्नगीताचा हा प्रकार मराठीत फार जुना आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने रचलेले धवळे मराठी वाङ्मयाच्या आरंभीच्या रचनांत मोडतात आणि ती आद्य मराठी कवयित्री मानली जाते. त्या धवळ्यांचा विषय श्रीकृष्ण-रुक्मिणीचे लग्न. लग्नप्रसंगी बाईने धवळे रचावेत आणि गावेत ही रीत किती जुनी आहे, याचा तो लेखी पुरावा. खाडीकाठच्या धवलारणींनी मात्र आपले भांडार कागदावर आणले नाही. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे ते ऐकूनच गेले.

पुरुषांचे गाणे वेगळ्या जागी वाढले. हरिनाम सप्ताह आणि भजन यांतून गावोगावी पखवाज आणि पेटी वाजवणारे तयार झाले. पुढे कॅसेट आणि ऑर्केस्ट्राच्या काळात याच भजनी मंडळांतून अनेक वादक आणि गायक मिळाले. कोळ्यांच्या नाचाच्या गाण्यांना वल्ह्याच्या लयीशी जुळणारा सहा मात्रांचा डुलता ठेका लाभला. आजही संगणकावर तयार झालेले कोळीगीत पहिल्या दोन आवर्तनांत ओळखू येते ते याच ठेक्यामुळे.

तबकडी आणि आकाशवाणी

विसाव्या शतकाच्या मध्यात कोळीगीत शहरी श्रोत्यापर्यंत गेले ते तबकडी आणि आकाशवाणी यांच्या मार्फत. शाहीर विठ्ठल उमप यांच्यासारख्या लोककलावंतांनी ही गाणी मंचावरून आणि ध्वनिमुद्रणांतून घराघरांत नेली. मुंबई केंद्रावरच्या कामगारांसाठीच्या कार्यक्रमांत लोकगीतांना हक्काची जागा होती. गिरणगावातल्या आणि खाडीकाठच्या श्रोत्यांना आपल्या बोलीचा सूर रेडिओवर तिथे ऐकायला मिळाला.

याच काळात कोळी जीवनावर भावगीताच्या अंगाने रचना झाल्या. ‘मी डोलकर’, ‘राजा सारंगा’ आणि ‘वादळ वारं सुटलं गो’ या शान्ता शेळके यांच्या गीतांना हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिल्या. लता मंगेशकरांनी ती गायिली आणि ‘मी डोलकर’मध्ये त्यांच्या जोडीला हेमंतकुमार होते. 1976 च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ चित्रपटातले ‘गोमू संगतीनं’ हे सुधीर मोघे यांचे गीतही हृदयनाथांनीच बांधले. या गाण्यांनी कोळीगीताला महाराष्ट्रभर मान मिळवून दिला. ती लिहिणारे, बांधणारे आणि गाणारे कोळीवाड्याबाहेरचे होते, आणि गाणे छापण्याची सत्ता एका मोठ्या कंपनीकडे एकवटलेली होती. कोळीवाड्यातल्या गायकाला स्वतःची तबकडी काढणे परवडण्यासारखे नव्हते.

कॅसेटने दिलेली मोकळीक

ही कोंडी कॅसेटने फोडली. 1980 च्या दशकात कॅसेट प्लेअर स्वस्त झाले, आखातात कामाला गेलेल्यांनी ते घरी आणले आणि टी-सिरीजसारख्या नव्या कंपन्यांनी कॅसेटची किंमत बरीच खाली आणली. तबकडीचा कारखाना उभारायला मोठे भांडवल लागे. कॅसेटच्या प्रती काढायला छोटी यंत्रे पुरत. त्यामुळे भारतभर प्रादेशिक बोलींतल्या गाण्यांचे लहान उत्पादक उभे राहिले. मराठीत सुमीत, कृणाल अशा नावांच्या कॅसेटी जत्रेतल्या दुकानांत आणि स्थानकाबाहेरच्या टपऱ्यांवर दिसू लागल्या.

या लाटेतून पुढे आलेला सर्वांत ठसठशीत आवाज म्हणजे ‘वेसावकर आणि मंडळी’. वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या या मंडळींनी ‘वेसावची पारू’सारखी गाणी स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या कोरससह गायिली. शब्दांतला ‘ळ’ ‘ल’च राहिला, ‘गो’ आणि ‘रं’ जागच्या जागी राहिले. गाणे कोळ्यांविषयी होतेच. आता ते कोळ्यांनी गायिलेलेही होते. पुढच्या प्रत्येक आगरी-कोळी गायकाने हा धडा गिरवला.

शहर आले आणि हळद मोठी झाली

दरम्यान गावांच्या भोवतीची जमीन बदलली. 17 मार्च 1970 रोजी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती आणि मिठागरे गेली, खाडीतली मासेमारी आक्रसली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे आली. सारसोळ्यासारखी गावे नेरूळच्या सेक्टरांमध्ये वेढली गेली, पण गावठाण, गावदेवी आणि गावकी टिकून राहिली.

गाण्यावर याचा दुहेरी परिणाम झाला. शेतावरची आणि होडीवरची कामाची गाणी ज्या कामांबरोबर चालत, ती कामेच उणावली. त्याच वेळी लग्नाची हळद पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी झाली. शहरात विखुरलेल्या भावकीला एकत्र आणणारा तो हुकमी प्रसंग ठरला. ब्रास बँड, बेंजो पथक, ऑर्केस्ट्रा आणि पुढे डीजे यांना हळदीच्या रात्री मागणी आली. बेंजो पथकात कळा दाबून वाजवायचा बेंजो मुख्य चाल धरतो. ढोलकी, ताशा, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड त्याला उचलून धरतात. धवलारणीचा संथ सूर आणि पथकाचा दणका एकाच मांडवात, संध्याकाळ आणि रात्र वाटून घेऊन नांदू लागले.

हळदीच्या मंचावरूनच संतोष चौधरी म्हणजे ‘दादूस’ यांच्यासारखे गायक नावारूपाला आले. 2021 मध्ये ते ‘बिग बॉस मराठी’च्या तिसऱ्या पर्वात दिसले तेव्हा आगरी पट्ट्याबाहेरच्या अनेकांना त्यांची पहिली ओळख झाली. खाडीकाठी मात्र त्यांचे नाव कधीचेच घरोघरी होते. त्याआधी 2002 मध्ये अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांच्या ‘ऐका दाजिबा’ने चित्रपटाबाहेरचा मराठी अल्बमही तरुणांना नाचवू शकतो हे दाखवून दिले होते.

यूट्यूबवरचे नवे पंचांग

2016 च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि वितरकाची गरजच संपली. आता गाणे असे तयार होते. गीतकार-संगीतकार मुखडा आणि दोन अंतरे बांधतो. घरातल्या किंवा भाड्याच्या छोट्या स्टुडिओत संगणकावर ठेका आणि सुरावट रचली जाते. ढोलकी, संबळ किंवा सनई शक्यतो खऱ्या वादकाकडून वाजवून घेतात, कारण संगणकातल्या ध्वनिनमुन्यातून घेतलेली ढोलकी जाणत्या कानाला लगेच कळते. मग मुख्य आवाज, शेवटी कोरस. चित्रीकरण गावच्या जेट्टीवर, होडीत किंवा मांडवात होते. नऊवारी लुगडी, दागिने आणि कोळी रुमाल घरचेच असतात. गाणे वाहिनीवर चढते आणि त्याखाली कार्यक्रमासाठी संपर्क दिलेला असतो. गायकाची मोठी कमाई हळदीच्या आणि सणांच्या कार्यक्रमांतून होते. ध्वनिमुद्रण ही त्या कार्यक्रमांची ओळख असते.

गाणी येण्याचा काळही ठरलेला असतो. तुळशीचे लग्न झाले की हळदीची गाणी सुरू होतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत येत राहतात. कार्ल्याच्या एकवीरेची चैत्री यात्रा जवळ आली की देवीची गाणी येतात. श्रावणात नारळी पौर्णिमेची कोळीगीते, भाद्रपदात गणपती-गौरीची, फाल्गुनात शिमग्याची. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये संबंधित कायदा वैध ठरवला. त्यानंतर नामवंत बैलांवरच्या गाण्यांनाही बहर आला. 2021 च्या जूनमध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून मानवी साखळी आणि सिडकोवर मोर्चा निघाला, तेव्हा दिबांवरची गाणीही याच वाटेने पसरली.

या काळातल्या ऐकण्याजोग्या गाण्यांत प्रवीण कोळी-योगिता कोळी यांचे ‘गोव्याच्या किनाऱ्याव’ आणि प्रशांत नाकती यांचे ‘माझी बाय गो’ यांचा उल्लेख हवा. पहिल्यात जुना डुलता ठेका आणि साधी, लगेच तोंडी बसणारी चाल आहे. दुसऱ्यात केवल वाळंज आणि सोनाली सोनवणे यांचे आवाज आजच्या पॉपच्या अंगाने जातात, तरी बोलीचा गोडवा सुटत नाही.

शेजारचे प्रवाह

खाडीकाठचा तरुण श्रोता याच मोबाइलवर इतर स्वतंत्र मराठी संगीतही ऐकतो. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या रॅप समूहाने 2019 मध्ये आरे जंगलातल्या आदिवासींचा प्रश्न मांडणारे ‘द वारली रिव्होल्ट’ प्रकाश भोईर यांच्यासह केले. जमीन जाण्याची व्यथा सोसलेल्या आगरी-कोळी गावांना त्या गाण्याचा विषय परका नाही. 2024 मध्ये संजू राठोड यांच्या ‘गुलाबी साडी’ने चित्रपटाच्या टेकूशिवाय देशभर मजल मारली. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचे ‘तांबडी चामडी’ हाउस संगीताच्या ठेक्यावर मराठी शब्द घेऊन आले आणि स्पिनिन रेकॉर्ड्स या नेदरलँड्सच्या कंपनीने ते प्रकाशित केले.

सारसोळ्याला तर जागतिक संगीताचा शेजारच लाभला आहे. नेरूळमधल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2017 मध्ये जस्टिन बीबर, 2019 मध्ये यू-टू आणि जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले यांचे कार्यक्रम झाले. अशा कार्यक्रमांना देशभरातून लोक येतात. याच नेरूळच्या गावठाणांत हळदीच्या रात्री होणारे गाणे तिकिटाविना, आमंत्रणावर चालते.

श्रेय आणि जतन

कंपन्यांपासूनच्या या स्वातंत्र्याबरोबर काही प्रश्नही आले. पारंपरिक चालीवर कोणा एकाची मालकी नसते, पण तिचे नवे ध्वनिमुद्रण करणाऱ्याला त्या ध्वनिमुद्रणावर हक्क मिळतो. मग एकच जुनी चाल वापरणाऱ्या दोन वाहिन्यांमध्ये दाव्यांचे वाद होऊ शकतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. त्याचा लाभ प्रत्यक्षात मिळवायचा तर रचनांची नोंद आणि लेखी करार उपयोगी पडतात. तोंडी शब्दावर चालणाऱ्या या व्यवसायात ही शिस्त रुजणे निकडीचे आहे.

त्याहून निकडीचे काम धवल्यांचे आहे. हळदीच्या एखाद्या लोकप्रिय गाण्यात धवल्याची एखादी ओळ येते, पण ती कुठल्या गावच्या, कोणत्या धवलारणीकडून घेतली याची नोंद बहुधा नसते. पूर्ण विधीचे धवले क्रमाने जाणणाऱ्या बाया आता वयस्क आहेत. ज्या मोबाइलवर आणि छोट्या स्टुडिओत नवी गाणी घडतात, तिथेच त्यांचे गाणे विधीच्या क्रमाने, गाव आणि नाव सांगून, पूर्ण लांबीचे मुद्रित करता येईल. साधने गावात आहेत, गाणाऱ्या गावात आहेत. अशा मुद्रणाला नव्या प्रकाशनाचाच मान द्यायला हवा, कारण खाडीकाठची सगळी हळदीची गाणी ज्या मुळावर उभी आहेत ते मूळ हेच आहे.