विडियाचा दात

मंचर-नारायणगावच्या फर्निचरवाल्यांकडे गोल ब्लेडच्या दातावर डाखलेला करडा तुकडा दिसतो, तो विडिया. त्याचं मूळ विजेच्या दिव्यात आहे. बर्लिनच्या ओसराम कंपनीला टंगस्टनची बारीक तार ओढायला हिऱ्याचे साचे लागत आणि ते फार महाग पडत. स्वस्त पर्याय शोधताना कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टमध्ये कालवली, दाबली आणि भट्टीत भाजली. १९२३ साली पेटंटचा अर्ज झाला. पुढे क्रुप कंपनीने १९२७ च्या लाइपझिग जत्रेत हा माल ‘विडिया’, म्हणजे ‘हिऱ्यासारखा’, या नावाने मांडला.

सागाची फळी कापणारा सुतार आपल्या पोलादी करवतीला स्वतःच कानस मारायचा. प्लाय, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ आल्यावर ते पुरेना. त्यांतला कडक झालेला डिंक आणि बोर्डात राहिलेली बारीक वाळू पोलादाची धार बघता बघता खातात. विडिया टिकतो, पण त्याला कानस लागत नाही. डायमंडचं चाकच हवं.

१९६९ च्या सुमारास धातूकामाच्या कार्बाइडवर लेप चढू लागला आणि नंतर सोनेरी टायटॅनियम नायट्राइडही आला. पोलाद कापताना हा लेप दाताला उष्णतेपासून आणि घर्षणापासून जपतो. लाकडाचं गणित निराळं. २५० मिलिमीटरचं ब्लेड मिनिटाला ४,००० फेरे घेतं तेव्हा दाताचं टोक सेकंदाला ५० मीटरहून जास्त धावतं, आणि बोर्डाची कड न उचकटता कापायची तर धार अगदी पातळ हवी. लेपाची जाडी काही मायक्रॉन. ताज्या धारेची गोलाईही तेवढीच. म्हणजे लेपानेच धार बोथट होते, आणि पातळ कडेवरून तो आधी सुटतो. लाकडातली आम्लं आणि घासणं मिळून कार्बाइडच्या कणांमधला कोबाल्ट आधी झिजवतात, मग कणच गळतात. धार लावताना घासलेल्या बाजूचा लेप तर जातोच.

म्हणून प्लाय-बोर्डाच्या कामाला सोनेरी रंगापेक्षा बारीक कणांचा, कमी कोबाल्टचा विडिया मला खरा वाटतो. सनमायकाची कड उडू लागली, काप काळा पडला किंवा बोर्ड ढकलायला जोर लागू लागला की दात आणखी रेटू नका. आधी त्यावरचा चिकटा धुऊन बघा. फरक पडला नाही तर ब्लेड त्याच दिवशी धारेला द्या.